‘बरं हाय’च्या पुढचं उत्तर : प्रश्नावली आणि मुलाखत घेताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं-मुली प्रकल्पासाठी येतात, तेव्हा निम्म्यांच्या हातात प्रश्नावली आधीच असते. विषय अजून ठरायचा असतो, पण झेरॉक्स मात्र काढून झालेल्या असतात. कुठल्यातरी सीनियरच्या स्पायरल बाइंडिंगमधली पानं, वरचं नाव बदललेलं. ‘मॅडम, फक्त सही पाहिजे.’ सही मिळते, पण त्याआधी तासभर जे ऐकून घ्यावं लागतं ते इथं लिहून काढते आहे. मी शिकवते लातूर जिल्ह्यात, त्यामुळे उदाहरणं इकडचीच आहेत: ट्यूशन एरियात नीटची तयारी करणारी मुलं, ऊसतोडीला जाणाऱ्या बाया, तांड्यावरची माणसं.

प्रश्नावली आणि मुलाखत, दोन्ही स्व-निवेदन पद्धतीतली साधनं. स्व-निवेदन म्हणजे माणसाला त्याच्याच मनाबद्दल आणि वागण्याबद्दल विचारायचं आणि तो सांगेल ते नोंदवायचं. ताण, एकटेपणा, श्रद्धा, भीती या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत, म्हणून विचारण्यावाचून गत्यंतर नसतं. अडचण एवढीच, की माणूस प्रश्नाकडे नंतर बघतो, विचारणाऱ्याकडे आधी. आपल्याकडे हातात कागद आणि गळ्यात ओळखपत्र घेऊन कुणी गावात शिरलं, की तो पंचनाम्याला आला असावा, पीकविम्याचा असावा, नाहीतर घरकुलाच्या यादीचा असावा, असंच धरलं जातं. मग उत्पन्न कमी सांगितलं जातं आणि हाल जास्त. तोच माणूस ओळखीच्या पोरानं विचारलं तर ‘बरं हाय’ म्हणून मोकळा होतो. दोन्ही वेळी तो खोटं बोलत नसतो. समोरचा कशासाठी विचारतोय याचा अंदाज बांधून त्याला शोभेल असं बोलतो. प्रश्नावली आणि मुलाखतीची सगळी कारागिरी या अंदाजाला वळण लावण्यात आहे.

आधी ठरवा, की विचारून कळण्यासारखी गोष्ट आहे का. ‘तुम्ही रोज मोबाइल किती वेळ बघता?’ हे विचारू नका. फोनच्या सेटिंगमध्ये आकडा असतो, मुलाला उघडायला सांगा आणि उतरवून घ्या. मात्र ‘मोबाइल बाजूला ठेवल्यावर कसं वाटतं?’ हे सेटिंगमध्ये सापडणार नाही, ते विचारा. माणूस जे म्हणतो आणि जे करतो, यातलं अंतर जुनं आहे. रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञानं 1930च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. चिनी माणसांविरुद्ध तेव्हा तिथं उघड द्वेष होता, तरी अडीचशेच्या वर हॉटेलं-खानावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्यानं त्याच ठिकाणी पत्रं पाठवून ‘चिनी गिऱ्हाईक घ्याल का?’ असं विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ कळवलं. हा लेख 1934 साली छापून आला. तेव्हा ‘मत’ मोजायचंय की ‘वर्तन’, हे सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहा. व्हायवात पहिला प्रश्न बहुधा तिथलाच येतो.

प्रश्नावली की मुलाखत, यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. किती जणांत किती प्रमाणात आहे हे हवं असेल तर प्रश्नावली घ्या. जे आहे ते नेमकं कसं आहे हेच अजून माहीत नसेल तर मुलाखत. उसाच्या फडावर काम करणारी बाई ताण कशाला म्हणते हे तुम्हाला ठाऊक नसताना तिच्यासाठी पंचवीस विधानांची श्रेणी बनवणं म्हणजे अंगाचं माप न घेताच झंपर शिवणं. आधी पाच-सात बायांशी बोला, मग त्यांच्या शब्दांतून विधानं काढा.

प्रश्नावली: तयार घ्यायची की आपली बनवायची

जमेल तिथं तयार घ्या. नैराश्याच्या चाळणीसाठी पीएचक्यू-9 जगभर वापरतात. ती 2001 साली प्रसिद्ध झाली, वापरायला परवानगी लागत नाही. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारणारे, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, म्हणजे बेरीज 0 ते 27. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढं नीट तपासणी करावी असं मानतात. ती चाळणी आहे, निदान नव्हे. ‘चाळीस टक्के विद्यार्थ्यांना नैराश्य’ असं वाक्य पीएचक्यूच्या जोरावर लिहिलं, तर मी खोडते.

तयार साधनातली मधली दोन-तीन विधानं ‘आपल्याकडे लागू नाहीत’ म्हणून गाळू नका. गाळलीत तर त्याचे मूळ निकष तुमच्या कामाचे राहत नाहीत. मराठी रूपांतर आधी कुणी केलेलं असेल तर तेच घ्या. नसेल तर एकानं मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक शोधायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970मध्ये मांडलेली ही रीत अजूनही चालते. एक भर माझी: तयार झालेलं मराठी निलंग्याच्या किंवा देगलूरच्या दहावी शिकलेल्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. जिथं तो अडखळेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. बंजारा तांड्यावर घरात गोरमाटी बोलतात, तिथं प्रमाण मराठीची छापील प्रश्नावली वयस्क बायांपुढं ठेवून उपयोग नाही. तिथं तांड्यातलीच शिकलेली मुलगी सोबत घ्यावी लागते आणि ती काय बोलणार हेही आधी बसून ठरवावं लागतं.

आता स्वतः प्रश्न लिहायची वेळ आली, तर एकच प्रश्न घेऊन बघू. एका मुलीनं लिहिला होता: ‘तुम्हाला अभ्यासाच्या ताणामुळे झोपेची समस्या आहे का?’ उत्तर हो किंवा नाही. यात काय काय बिघडलंय? कारण आपणच देऊन टाकलंय. ज्याला झोप येत नाही, पण ढेकणांमुळे येत नाही, त्यानं काय टिक करायचं? ‘समस्या’ म्हणजे नेमकं काय, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. काळ दिलेला नाही, या आठवड्याचं विचारलंय की अकरावीपासूनचं? आणि हो-नाहीत रोज तळमळणारा आणि महिन्यातून एकदा जागणारा एकाच रकान्यात बसले.

सुधारून असा झाला: ‘गेल्या सात रात्रींपैकी किती रात्री, झोपायचं ठरवून अंथरुणावर पडल्यावर, अर्ध्या तासाहून जास्त वेळ झोप लागली नाही?’ उत्तरात 0 ते 7. ‘झोपायचं ठरवून’ हे दोन शब्द वसतिगृहातल्या मुलांवर चाचणी घेतल्यानंतर आले. ट्यूशन एरियात रात्री दोनपर्यंत दिवे चालू असतात, टेस्टच्या आदल्या दिवशी मुलं मुद्दाम जागतात. ती जाग वेगळी आणि डोळा न लागणं वेगळं. हा फरक ग्रंथालयात बसून सुचत नाही. म्हणून मुख्य अभ्यासाआधी दहा-पंधरा जणांवर पायलट करा आणि भरून घेतल्यावर प्रत्येकाला विचारा, ‘हा प्रश्न वाचल्यावर तुझ्या मनात काय आलं?’ चूक कुठं आहे ते मुलं नेमकं दाखवतात.

काही खोडी इतक्या वेळा दिसतात, की त्या घाऊकच सांगते. एका विधानात दोन गोष्टी नकोत: ‘मला अभ्यासाचं आणि घरच्या परिस्थितीचं टेन्शन येतं’, यातलं एकच येत असेल तर? ‘नेहमी’, ‘कधी कधी’, ‘क्वचित’ यांपेक्षा आठवड्यातले दिवस विचारा. आणि नकारार्थी विधानं जपून वापरा. सगळ्यालाच ‘हो हो’ म्हणत जाणारे लोक पकडायला उलट दिशेची विधानं घालतात, ते ठीक. पण ‘मला एकटं वाटत नाही’ याला ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे एकटं वाटतं, हा नकाराचा नकार परीक्षेच्या हॉलमध्येही चटकन उलगडत नाही. त्याऐवजी ‘मला इथं आपली माणसं आहेत असं वाटतं’ असं सरळ लिहा. दिशा उलटी मिळते आणि डोकंही फिरत नाही. गुण देताना मात्र विसरू नका: 1 ते 5च्या श्रेणीत उलट विधानाचे गुण 6मधून वजा करायचे.

सहमत-असहमतची ही पाच पायऱ्यांची चाल रेन्सिस लायकर्टनं 1932 साली घालून दिली. दिसायला निरुपद्रवी आहे, पण पायऱ्यांवर कोणते आकडे छापता यानंही उत्तर हलतं. नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतल्या लोकांना ‘आयुष्यात तुम्ही कितपत यशस्वी झालात?’ असं विचारलं होतं. काहींना 0 ते 10 अशी पट्टी दिली, काहींना उणे 5 ते अधिक 5. पायऱ्या दोन्हीकडे अकराच. पहिल्या गटात 34 टक्के लोकांनी खालच्या अर्ध्या भागात खूण केली, दुसऱ्या गटात फक्त 13 टक्क्यांनी. उणे आकडा दिसला की माणसाला ‘अपयश’ दिसतं, आणि स्वतःच्या नावापुढं अपयश कोण लिहील? आपल्या मुलांना परीक्षेतल्या उणे गुणांची इतकी धास्ती असते, की नीटच्या मुलांपुढं उणे पट्टी मी ठेवूच देणार नाही.

जात, उत्पन्न, शेती किती एकर हे सगळं शेवटी विचारा, आणि लागत असेल तरच. सुरुवातीला विचारलंत, की पुढची सगळी पानं तो माणूस ‘यादीत नाव लागतंय का’ याच नजरेनं भरतो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तोंडानंही सांगा: हा शिक्षणाचा अभ्यास आहे, यातून अनुदान मिळणार नाही आणि मिळत असलेलं काही बंदही होणार नाही. ‘बंद होणार नाही’ हे बाकीच्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

वर्गात भरून घेत असाल तर वर्गशिक्षकांना बाहेर चहाला पाठवा. ते पाठीमागं फिरत असताना ‘मला कॉलेज आवडतं’ याला सगळे पाचपैकी पाच देणारच. एका बाकावर दोघं बसले तर उत्तरंही दोघांची एकच येतात. गूगल फॉर्म सोयीचा, पण तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो आणि ग्रुपवर नसलेल्या, नेट संपलेल्या, वडिलांचा फोन वापरणाऱ्या मुली गळतात. फॉर्ममध्ये सगळीकडे ‘3’ टिक केलेले कागद निघतात. ते किती वगळले आणि कोणत्या नियमानं वगळले हे लिहून ठेवा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक रीत मला फार आवडते. ज्वारीचे दहा दाणे समोर ठेवायचे. ‘ही सगळी तुमची काळजी समजा. यातली कर्जाची किती, लेकीच्या लग्नाची किती, पाण्याची किती, वेगवेगळी करा.’ बाया दाणे सरकवतात, परत घेतात, पुन्हा सरकवतात. ते सरकवताना जे पुटपुटतात ते आकड्यांहून मोलाचं असतं, तेही टिपा. ग्रामीण पाहण्यांमध्ये ही पद्धत बियांनी, खड्यांनी बऱ्याच ठिकाणी करतात.

आकडेमोडीवर फार बोलत नाही, सॉफ्टवेअर करतं. एवढं लक्षात ठेवा, की क्रॉनबॅकचा अल्फा 0.70च्या वर आला म्हणजे विधानं एकमेकांशी जुळतात, बस. ती तुम्हाला हवी तीच गोष्ट मोजतात याचा तो पुरावा नाही. विश्वसनीयता (विधानं जुळणं) आणि सप्रमाणता (हवं तेच मोजलं जाणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि अल्फा 0.95च्या पुढं गेला तर खूश होऊ नका, बहुधा एकच विधान शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारलंय.

मुलाखत: कुठं बसायचं आणि कधी गप्प राहायचं

संरचित मुलाखतीत प्रश्न आणि क्रम ठरलेला असतो, ती म्हणजे बोलती प्रश्नावली. मुक्त मुलाखत नवख्याच्या हातात भरकटते. प्रकल्पासाठी अर्धसंरचित बरी: सहा-सात मुख्य प्रश्न एका कागदावर, बाकी समोरच्याच्या बोलण्यावरून.

त्याआधी कधी जायचं ते बघा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांवर काम करायचं आणि डिसेंबरमध्ये गावात जायचं, याला अर्थ नाही. कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडं गेलेले असतात, मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. कारखान्याच्या अड्ड्यावर जाऊन भेटलात तर मुकादम चार पावलांवर उभा असतो, आणि ज्याच्याकडून उचल घेतलीय त्याच्या कानावर जाईल असं कुणी बोलत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात, गावात, दुपारची जेवणं झाल्यावर.

कुठं बसता तेही नमुना ठरवतं. सरपंचांच्या ओट्यावर बसलात तर तिथं येऊ शकणारीच माणसं येतील. घरात बसलात तर सुनेच्या प्रश्नाला सासू उत्तर देईल. तेव्हा भांडण नको. दोघी मिळून जा, एकीनं सासूबाईंची वेगळी मुलाखत खरोखर घ्यावी, दुसरीनं सुनेसोबत जनावरांकडं जावं. घरातल्या मारहाणीसारखे विषय मुलग्यांनी बायांना विचारू नयेत, हे मी नियम म्हणून सांगते.

सुरुवात ‘तुम्हाला काय ताण आहे?’ अशी केलीत, तर उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा एका दिवसाची हकीकत मागा. असं काहीसं होतं:

‘मावशी, कसं चाललंय?’
‘बरं हाय की.’
‘तिकडं कारखान्याला असताना दिवस कसा जायचा? उठल्यापासून सांगा.’
‘दिवस काय, पहाटं तीनला उठायचं. भाकरी थापायच्या, लेकराला गुंडाळायचं, फडात जायचं. गाडी भरून हुईस्तोवर रात होती.’
‘आणि मग?’
‘मग काय. पडायचं. पर डोळा लागंना.’

यानंतर मुलाखतकारानं काहीही बोलू नये. इथंच मुलं ‘म्हणजे तुम्हाला निद्रानाश होता का?’ असं विचारतात आणि बाई ‘हां, तसंच’ म्हणून थांबते. तुमचा शब्द तिच्या तोंडात गेला की मुलाखत तिथंच संपली. गप्प राहा. पाच सेकंद फार लांब वाटतात, मनात दहा मोजा. बहुतेक वेळा पुढचं वाक्य आपोआप येतं आणि तेच तुम्हाला हवं असतं. नाहीच आलं तर तिचाच शब्द परत द्या: ‘डोळा लागंना?’

‘का?’ हा प्रश्न कमी विचारा. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी 1977मध्ये दाखवलं, की आपल्या वागण्याची खरी कारणं माणसाला पुष्कळदा माहीत नसतात, आणि विचारलं की तो पटण्यासारखं कारण जुळवून देतो. ‘का’ ऐवजी ‘त्या दिवशी काय झालं?’ विचारा. शिवाय आपल्याकडे ‘का’ म्हटलं की जाब विचारल्यासारखं होतं.

जुन्या गोष्टी विचारताना सन विचारू नका. ‘तुमचं लग्न कोणत्या वर्षी झालं?’ याला उत्तर येत नाही, पण ‘भूकंपाच्या आधी का नंतर?’ म्हटलं की लगेच येतं. लातूर-धाराशिवकडं 30 सप्टेंबर 1993ची पहाट सगळ्यांना पक्की आठवते. त्याआधीच्या पिढीला 72चा दुष्काळ, अलीकडच्यांना 2016मध्ये लातूरला आलेली पाण्याची रेल्वे आणि 2020चा लॉकडाऊन. या खुणांची एक आडवी रेघ कागदावर काढून न्या आणि समोरच्याच्या घटना त्यावर मांडत जा. जीवन-घटना दिनदर्शिका म्हणून ही पद्धत संशोधनात मान्य आहे, तुमच्या प्रकरणात तसं लिहिता येईल.

रेकॉर्डिंगला परवानगी विचारा, परवानगीसुद्धा रेकॉर्ड करा, आणि फोन एरोप्लेन मोडवर टाका. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात, तेव्हा पंधरा मुलाखतींचा बेत करण्याआधी कॅलेंडर बघा. उतरवताना ‘डोळा लागंना’चं ‘झोप लागत नसे’ करू नका. शुद्ध मराठीची हौस निष्कर्षाच्या प्रकरणात भागवा.

एक गोष्ट सुरू करायच्या आधी

पीएचक्यूतला नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे. तो नीटच्या वसतिगृहात वाटणार असाल, तर कुणीतरी त्यावर 2 किंवा 3ला खूण करणार हे धरून चला. मग काय करणार? फॉर्म निनावी असेल तर ते मूल कोणतं हे तुम्हाला कळणारच नाही, आणि नाव घेतलंत तर ते खरं लिहीलच असं नाही. यातलं काय निवडायचं ते गाईडबरोबर आधी बसून ठरवा. निनावी ठेवलंत तर प्रत्येक फॉर्मच्या शेवटी टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक छापा, ती केंद्र सरकारची मोफत सेवा आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. तुम्ही खोली सोडण्याआधी दहा मिनिटं तिथंच थांबा, कुणाला बोलायचं असेल तर तो रेंगाळतो. ‘तुमची माहिती कुणालाही सांगणार नाही’ असं सरसकट वचन देऊ नका. ‘जिवाला धोका वाटला तर एका जबाबदार माणसाला सांगावं लागेल’ हे आधी सांगा. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात, त्यांच्या पालकांची संमती लागते आणि मुलांची स्वतःची तयारीही. रेक्टरची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. आणि हे सगळं जमणार नसेल, तर नैराश्य सोडा, अभ्यासाच्या सवयींवर प्रकल्प करा. गुण तेवढेच मिळतात.

अहवाल लिहिताना नावं बदलता, पण तेवढ्यानं माणूस लपत नाही. ‘रेणापूर तालुक्यातल्या चाळीस उंबऱ्यांच्या गावातली अंगणवाडी सेविका, वय 43, विधवा’ एवढं लिहिलं की अख्ख्या तालुक्याला ती कोण हे कळतं. तालुका काढा, वयाचा गट द्या, ‘गावातली एक कर्मचारी’ लिहा. खरी नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी वेगळ्या वहीत, तुमच्या कपाटात ठेवा, पेन ड्राइव्हवर नको. कॉलेजच्या प्रिंटच्या दुकानात कुणाचा पेन ड्राइव्ह कुणाकडं जातो याला धरबंद नसतो.